कागदावरची वाटणी

विंझरच्या शाळेवर माझी नेमणूक झाली ती बेचाळीस सालच्या जूनमध्ये. मी भोरचा, वय तेवीस, मॅट्रिक झालेला. गावात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो. त्यापायीच रखमाजीची आणि माझी गाठ पडली. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

रखमाजी तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. उंच, किंचित वाकलेला, बोलणं कमी. त्याच्या डोंगराच्या पायथ्याला कोळशाच्या भट्ट्या होत्या. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, तशा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. प्रत्येक मोटारीच्या पाठीवर एक बंब. त्यामुळे पुण्यात कोळशाला अचानक भाव आला. आधी गाढवावरून घरगुती शेगड्यांपुरता कोळसा विकणारा रखमाजी दोन वर्षांत गाडीभर पोती पुण्याला पाठवू लागला. सोबत धाकटा भाऊ कुंडलिक. भट्टी रखमाजी लावायचा, पुण्याची वखार कुंडलिक बघायचा.

कुंडलिक चार वर्षांचा असताना त्यांची आई गेली. रखमाजीची बायको चंद्राबाई तेव्हा नुकती नांदायला आली होती, जेमतेम चौदा वर्षांची. तिनंच कुंडलिकला लहानाचा मोठा केला. तिला स्वतःला मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. कुंडलिक तिला वैनी म्हणायचा, पण ताटावर बसला की हट्ट आईकडे करावा तसा करायचा.

पहिला कागद आला तो खाकी, लांबट पाकिटातून. रखमाजी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून शाळेत घेऊन आला.

"मास्तर, शेतसारा तर आमी भरलाय. ह्यो कशाचा कागद?"

मी वाचलं. पुण्याच्या इन्कमटॅक्स कचेरीची नोटीस होती. माल पुण्यात विकला जात होता, तेव्हा वर्षाच्या प्राप्तीचं पत्रक भरून द्यायचं होतं. सोबत छापील फॉर्म. मलाही त्यातलं अर्धंच कळलं. त्यांच्याकडे हिशेब म्हणजे कुंडलिकनं भिंतीवर ओढलेल्या कोळशाच्या रेघा. त्या मोजेपर्यंत मुदत निघून गेली, कचेरीनं अंदाजानं आकडा ठरवला आणि तो त्यांना भरावा लागला. रखमाजी कुरकुरला नाही. "सरकारचं हाये, देऊ," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना वही घालून दिली. फॉर्म घेऊन आम्ही तिघं पुण्याला एका वकिलाकडे गेलो. वकिलानं फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही भाऊ एकत्र आहात की विभक्त?"

"येकत्रच की," रखमाजी म्हणाला.

"विभक्त असता तर प्राप्ती दोघांत विभागली असती. मग दोघंही मर्यादेच्या खाली. काहीच भरावं लागलं नसतं."

बाहेर पायरीवर बसून कुंडलिक म्हणाला, "दादा, नुसतं कागदावर लिवायचं. घरात काय बदलतंय?"

"न्हाई. आई मरताना म्या तुला पदरात घेतलाय. आपुन येगळं झालो आसं लिवू कसं?"

"कागदाला काय ठावं?"

रखमाजी माझ्याकडे बघू लागला. मी शिकलेला, म्हणून. मला तेव्हा वकिलाच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. मी म्हणालो, "बरेच लोक असं करतात." त्या संध्याकाळी माझ्या खोलीत बसून मीच तो अर्ज लिहिला. आम्ही दोघे भाऊ अमुक तिथीपासून विभक्त झालो असून आमचे राहणे, जेवण व धंदा स्वतंत्र आहे. कुंडलिकनं सही केली. रखमाजीनं अंगठा दिला आणि तो बोटावरची शाई बराच वेळ पुसत बसला.

अर्ज गेला की झालं, असं आम्हाला वाटलं होतं. पण कचेरीतून निरोप आला, खात्री करायला इन्स्पेक्टर येणार. मग वाटणी दिसायला हवी. घराच्या मागच्या सोप्यात दुसरी चूल घालायची ठरली. ती चंद्राबाईनंच घातली. माती मळली, चूल लिंपली आणि कुंडलिकच्या बायकोच्या, साळूबाईच्या हातात एक तवा, दोन पातेली दिली. हसत हसत म्हणाली, "घे गं, पाव्हणा येऊन जाईस्तवर संसार कर."

इन्स्पेक्टर आला. भला माणूस होता. त्यानं दोन्ही चुली बघितल्या, वही बघितली आणि मग चंद्राबाईला विचारलं, "बाई, धाकटा दीर तुमच्याकडे जेवतो का?"

मी तिथं उभा होतो. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "न्हाई."

"किती दिवस झाले?"

"लई दिस झालं."

तो लिहून घेऊन गेला. अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी चंद्राबाई जेवली नाही, असं मला कुंडलिकनं सांगितलं. तोही जरा घाबरलेला दिसला.

ती चूल मोडायची होती, पण इन्स्पेक्टर परत येईल या धाकानं ती राहिली. राहिली म्हणून साळूबाई कधी दुपारचा चहा तिच्यावर करू लागली, कधी भाकऱ्या. चूल तिची होती, तिनं ती पेटवली, यात तिचा काही दोष नाही. मग तिचा भाऊ सावळाराम किकवीहून आला. त्याला कागदाची बातमी लागली होती. म्हणाला, "वाटणी सरकारदरबारी झालीया, तर निम्मा धंदा कुंडलिकरावांचा. पुण्याची वखार त्यांच्या नावानं करा." रखमाजी म्हणाला, "करा." पुण्याची वखार कुंडलिकच्या नावावर झाली आणि तो एकटाच तिकडे राहू लागला. महिन्यातून एकदा यायचा, मग दोन महिन्यांतून. भांडण असं एकदाही झालं नाही. रखमाजीला वाटायचं, त्याला हवं म्हणून तो गेला. कुंडलिकला वाटायचं, दादानं एका शब्दानंही अडवलं नाही. दोघंही हे मला सांगायचे, एकमेकांना नाही.

टॅक्सचा विषय गावात काढायचा नाही असं रखमाजीनं ठरवून टाकलं होतं. खोटं लिहिलंय हे कुणाला कळलं तर, ही धास्ती. खाकी पाकीट आलं की तो ते पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि माझी वाट बघायचा. पोस्टमननं "वाचून दाखवू का?" विचारलं तरी नको म्हणायचा.

पंचेचाळीस सालची दिवाळी. मी सुट्टीला भोरला गेलो होतो. साळूबाई बाळंतपणाला किकवीला. परत आलो त्याच दिवशी रखमाजी पाकीट घेऊन आला.

"मास्तर, आठ दिस झालं, टॅक्साचा कागद आलाय. बघा बरं, काय मागत्यात."

पाकीट खाकी, लांबट. पण वर पत्ता मराठीत होता, आणि अक्षर मला ओळखीचं वाटलं, हिशेबाच्या वहीतलं. पाकीटही वखारीतलंच; आत पावतीचा कागद, त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं.

*दादास दंडवत. मला बारा दिवस ताप उतरत नाही. वैद्य मुदतीचा म्हणतो. साळूला कळवलं नाही, तिचे दिवस भरलेत. तुमी या. वैनीला आणा. हितं कोणी नाही. राग धरू नका.*

मी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती, म्हणून थांबता आलं नाही. रखमाजी ऐकत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं. मग त्यानं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, त्याच्यावर कुठंतरी कुंडलिकचं नाव दिसेल असं.

चंद्राबाईला घेऊन आम्ही तासाभरात निघालो. नसरापूरच्या फाट्यापर्यंत चालत, तिथून मोटारीनं. वाटेत चंद्राबाई एकदाच बोलली. "पेटीत ठेवताना मला इचारलं आस्तं तर?" पण तिलाही वाचता येत नव्हतं.

वखारीला कुलूप होतं. शेजारच्या लाकूडवाल्यानं सांगितलं, चार दिवस झाले त्याला जाऊन. आळीतल्या माणसांनी नेलं. "भाऊ येणार म्हणत होता. दाराकडे तोंड करून झोपायचा." त्यानं कुंडलिकची घोंगडी आणि वहाणा आणून दिल्या. चंद्राबाईनं वहाणा पदरात घेतल्या आणि ती रस्त्यावरच खाली बसली. रखमाजी उभाच. त्याला रडू आलं नाही. तो लाकूडवाल्याला पुन्हापुन्हा विचारत होता, "कवा कवा इचारलं त्यानं?"

साळूबाईला मुलगी झाली होती. आम्ही किकवीला गेलो तेव्हा ती बाजेवर बसून होती, बातमी तिला कळलेली. रखमाजी दाराबाहेरूनच म्हणाला, "पोरी, चिठ्ठी मला कळली न्हाई."

ती म्हणाली, "म्हंजी तुमाला चिठ्ठी धाडली व्हती. तुमी आला न्हाई. येगळं झालं तवाच समदं झालं व्हतं."

मी पुढं होऊन सगळं सांगितलं. तिला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. ती विंझरला परत आली नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं शाळा सुटल्यावर रखमाजी आला आणि शेवटच्या बाकावर बसला.

"मला वाचाया शिकवा," तो म्हणाला.

पन्नाशीला आलेला माणूस, भट्टीच्या कामानं बोटं राठ झालेली. पेन्सिल मोडायची. पाटी फुटेल इतक्या जोरात लिहायचा. हिवाळाभर रोज आला. अक्षरं यायला लागल्यावर इतर काही वाचायची त्याला इच्छा नव्हती. फॉर्म समोर ठेवा म्हणायचा. छापील इंग्रजी त्याला येणार नव्हतं, पण मराठीत भरलेलं चालतं असं कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं. मी एकेक रकाना मराठीत समजावला. कुठं नाव, कुठं गाव, कुठं कशाची प्राप्ती, शेवटी खरेपणाची सही. वहीवरून बेरीज तो स्वतः करायचा, चुकली की पुसून पुन्हा.

सेहेचाळीसच्या जूनमध्ये त्यानं पत्रक स्वतःच्या हातानं भरलं. मी तपासायला घेतलं. कुटुंब एकत्र की विभक्त, तिथं त्यानं लिहिलं होतं, एकत्र.

"रखमाजी, असं चालणार नाही. कागदोपत्री तुम्ही विभक्त आहात. शिवाय आता कुंडलिक..."

"म्हाइत हाये."

"मागचं सगळं उकरतील. दंड होईल."

"होऊ द्या. मागल्या वक्ताला दुसऱ्याच्या हातानं लिवलं. आता हात माझा हाये. ह्या हातानं त्याला येगळा लिवणार न्हाई."

पत्रक घेऊन तो एकटाच पुण्याला गेला. मी येतो म्हटलं, नको म्हणाला. कचेरीत त्याला साहेबापुढं उभं केलं. आमची वाटणी खोटी होती, चूल दाखवायला घातली होती, असं त्यानं सांगितलं आणि लिहून दिलं. साहेबानं म्हणे विचारलं, "हे सांगून तुमचा काय फायदा?" दोन वर्षांचा मागचा कर आणि दंड बसला. तो त्यानं गाडी विकून भरला. साहेबानं हेही सांगितलं की कायद्यानं आता तो एकटाच आहे, पुढच्या वर्षीपासून तसं लिहा.

हळूहळू पेट्रोल मिळू लागलं, मोटारींचे बंब उतरले, कोळशाचा भाव बसला. भट्ट्या विझल्या. सत्तेचाळीस सालचं पत्रक त्यानं भरलं, एकत्र की विभक्त या रकान्यात काहीच न लिहिता. पुढच्या वर्षी कचेरीतून फॉर्म आला नाही. त्याची प्राप्ती आता कुणाच्या हिशेबात नव्हती.

साळूबाईला तो दर महिन्याला कार्ड लिहायचा. चार ओळी, मोठं वाकडं अक्षर. पोरगी कशी हाये, चालती का, येऊ का बघाया. ती कार्डं मीच टपालपेटीत टाकायचो, म्हणून ठाऊक. किकवीहून उत्तर आलं नाही. चंद्राबाई विचारायची, "आज काय लिवलंसा?" तो वाचून दाखवायचा.

एकोणपन्नास साली माझी बदली झाली. निघताना त्यांच्या घरी गेलो. चंद्राबाईनं चहा केला. रखमाजी ओट्यावर बसून नवं कार्ड लिहीत होता; त्यातला 'पोरगी' हा शब्द त्यानं खोडला होता. "मास्तर, 'नात'ला त कंचा?" त्यानं विचारलं. मी पाटीवर काढून दाखवला.