पंच नसलेला खेळ

कराडच्या स्टँडवर एसटी हलली, तेव्हा आई खिडकीबरोबर चार पावलं चालली. आप्पा मात्र पाठ फिरवून उभे राहिले. मला ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती.

पहिले सहा महिने मी ठाणं पाहिलं ते एवढंच: कळव्यातली शेअरिंगची खोली आणि ऑफिस. बोलायला माणसं होती, पण सगळी कामापुरती. मग एका शुक्रवारी ऑफिसातली प्रणाली म्हणाली, "उद्या एक मुलगी कमी पडतेय. येतेस का फ्रिसबी खेळायला?"

फ्रिसबी म्हणजे चौपाटीवर फेकतात ती प्लास्टिकची थाळी, एवढंच मला ठाऊक. मैदानावर बघते तर मुलं-मुली एकाच टीममध्ये. पहिल्यांदा ती थाळी, म्हणजे डिस्क, हातात आली आणि मी ती घेऊन सुसाट पळाले. मानपाड्याचा सुजित मागून ओरडला, "अगं ए, घेऊन पळायचं नाय! थांब, पास दे!" सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी. त्यानंतर दर शनिवारी जायला लागले.

गावाकडच्या मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते. एका बाजूला सात जण. डिस्क झेलली की एक पाय रोवून उभं राहायचं आणि समोरचा दहा मोजायच्या आत ती आपल्या माणसाकडे फेकायची. खाली पडली की त्यांची. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या कुणी झेलली की एक पॉइंट. आणि पंच नसतो. फाउल झाला तर खेळणाऱ्यांनीच सांगायचं, आपसांत बोलून मिटवायचं.

आप्पा वीस वर्षं कबड्डीचे पंच. फोनवर हे ऐकून म्हणाले, "पंच न्हाई? मग डोकी फुटत असतील की!"

गेल्या हिवाळ्यात ते मुद्दाम बघायला आले. डोंबिवलीत आमची फायनल होती. बारा-बारा झाले, पुढचा पॉइंट शेवटचा. सुजितनं लांब फेकली, मी अंग झोकून दिलं आणि पट्ट्यात पडले. डिस्क हातात. आमची टीम नाचायला लागली, आप्पा दोन्ही हात वर करून उभे.

पण डिस्क आधी गवताला टेकली होती. कुणालाच दिसलं नव्हतं. फक्त माझ्या बोटांना कळलं होतं.

"जमिनीला लागली," मी म्हणाले.

"नक्की?" सुजितचा चेहराच उतरला.

"नक्की."

समोरच्यांनी डिस्क उचलली, चार पास केले आणि जिंकले. सुजित बाजूला जाऊन बूट सोडत बसला. मग त्यानंच पाण्याची बाटली पुढे केली.

मॅचनंतर दोन्ही टीम गोल करून बसतात, एकमेकांचं काय आवडलं ते सांगतात. त्यांची कॅप्टन माझ्याबद्दल बोलली आणि आप्पांकडे वळली. "काका, तुम्ही पण बोला ना."

आप्पा उठले, शर्ट खाली ओढला. "मी पंच हाय कबड्डीचा. आज माझ्या पोरीनं माझी नोकरी घालवली." सगळे खो खो हसले. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याशेजारी खाली बसले.

यंदा मे महिन्यात गावी गेले होते. ठाण्याला निघायच्या आदल्या दिवशी सहज बोलून गेले, "उद्या सकाळी घरी निघते." आणि जीभ चावली. आई बरणीत शेंगदाण्याची चटणी भरत होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं. मग तिनं कपाटातून मोठी बरणी काढली.

"तुझ्या त्या सगळ्यांना पुरंल का गं एवढी?"