दोन खाचांची पुली

एकहातीला मी पंचवीस वर्षं ओळखत होतो आणि त्याला बेघर करायला मला एक वाक्य पुरलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणला तरी तुम्ही फसणार नाही.

तो मोठ्या बंगल्यावरचा ड्रायव्हर, मी त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री. 'एकहाती' हे नाव आम्हा गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं. थोरल्या मालकांनी हौसेनं घेतलेली ती लांबलचक जुनी गाडी बाहेर काढायची म्हणजे आवारातल्या कोरड्या कारंज्याला पूर्ण वळसा घालावा लागे. हा उजव्या तळव्यानं स्टिअरिंग फिरवी, डावा हात मांडीवर, आणि एका दमात फाटकाबाहेर. बघणारे म्हणत, काय ऐट आहे. ऐट कसली डोंबलाची. चौदा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा धरला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. शर्ट घालताना तो आधी डावी बाही चढवायचा आणि मग उरलेला शर्ट अंगावर ओढून घ्यायचा. गाडीला पॉवर स्टिअरिंग होतं म्हणून दुखणं ऐट म्हणून खपत होतं.

स्वभावानं तो गोड वगैरे मुळीच नव्हता. बॉनेट उघडलं की आत जेवायला बसता आलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. एकदा माझ्याकडे चार गिऱ्हाईकं उभी असताना त्यानं मला अख्खा कार्ब्युरेटर पुन्हा खोलायला लावला, का तर एक वॉशर उलटा बसला होता म्हणून. "मिस्त्री म्हणवतोस ना स्वतःला?" असं वर सगळ्यांदेखत विचारलं. वॉशर उलटाच होता, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

थोरले मालक जाताना सगळ्यांसमोर सांगून गेले होते, की जोवर हा गाडी फाटकाबाहेर काढतोय, तोवर गाडीखान्यावरची खोली याची. त्या खोलीत एक खाट, एक लोखंडी पेटी, खिडकीत दाढीचा आरसा. बायको नाही, मूल नाही. एक भाची होती, दुसऱ्या गावात, दोन खोल्यांत पाच माणसं घेऊन राहणारी. धाकट्या मालकांना ती खोली हवी होती, पण थोरल्या बाई नवऱ्याच्या शब्दाला चिकटून बसल्या होत्या.

एके दिवशी धाकटे मालक आपली दुसरी गाडी घेऊन माझ्याकडे आले. चहा पिता पिता म्हणाले, "आमचे ड्रायव्हरकाका या वयातही काय सफाईनं गाडी वळवतात, नाही?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "साहेब, पॉवर आहे म्हणून चाललंय. नाहीतर त्यांचा डावा हात नुसता शोभेचा."

ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "अच्छा."

आठवड्यानं हुकूम आला. स्टिअरिंग हलकं करणारा पंप गळतोय, तो काढून टाका, गाडी साध्या स्टिअरिंगवर करा. पंप थेंबभर गळत होता हे खरं, पण ते सील बदलण्याचं काम. मी तसं म्हणालोही. "मिस्त्री," ते म्हणाले, "पुन्हा त्या पंपाचं नाव निघता कामा नये. आणि यापुढे आमच्या चारही गाड्या तुमच्याकडेच." साप मरावा आणि काठीही तुटू नये, असा बेत. काठी मी.

एकहाती स्वतः गाडी घेऊन आला. त्याला वाटत होतं, बिनपंपाच्या गाड्या आपण तरुणपणी चालवल्यात, त्यात काय एवढं. त्या वेळी खांदा शाबूत होता, हे तो विसरला होता. चौदा वर्षं दुखणं लपवता लपवता त्याला स्वतःलाच ते दिसेनासं झालं असावं.

पंप, पाइप, स्टिअरिंगची पॉवरवाली पेटी निघाली, तिच्या जागी साधी बसली. राहिली इंजिनाच्या तोंडावरची पुली. ज्या चाकावरून पट्टे फिरतात ती. हिला दोन खाचा होत्या. आतल्या खाचेतला पट्टा पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवी, बाहेरच्या खाचेतला स्टिअरिंगचा पंप. आता बाहेरची खाच रिकामी राहणार होती. राहू दिली असती तर काही बिघडणार नव्हतं.

"काका, हीच ठेवू का?" मी विचारलं. "उद्या पुन्हा पंप बसवायचा म्हटलं तर?"

पंप परत बसू नये यासाठी मला जे करायचंच होतं ते त्यानं स्वतः सांगावं, म्हणून मी हे विचारलं.

"रिकामी खाच? तोंडातला दात पडल्यासारखं दिसेल," तो म्हणाला. "एका खाचेची काढ."

माझ्या डब्यात तसल्या तीन होत्या. पहिली त्यानं हातात घेतली आणि परत टाकली. "घेर कमी आहे. पाण्याचा पंप हळू फिरेल, गर्दीत उभी राहिली की तापेल." दुसरी लावून बघितली, पाण्याच्या पंपाच्या पुलीवर पट्टी टेकवली, एक डोळा मिटला. "दोन सूत बाहेर आहे. पट्टा तिरका चालून कडा खाईल." तिसरीची खाच अगदी रेषेत आली. त्यानं ती रॉकेलनं धुतली, पुसली आणि मी बोल्ट आवळेपर्यंत धरून बसला. इतक्या निगुतीनं आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"जुनी भंगारात टाक," तो म्हणाला. पंप आणि पेटी मात्र पोत्यात भरून त्यानं खोलीवर नेली. चांगली वस्तू आहे म्हणे.

पहिल्या गुरुवारी थोरल्या बाईंना फिरायला न्यायचं होतं. कारंज्याला वळसा घालायला त्याला सात वेळा पुढे-मागे करावं लागलं. धाकटे मालक गच्चीत उभे होते. दुसऱ्या गुरुवारी त्यानं दातओठ खाऊन दोन्ही हात लावले, डावा निम्म्यात अडकला, आणि पुढचं चाक कारंज्याच्या कठड्यावर चढलं. मागे बाईंचा चष्मा फुटला. "पुरे आता," एवढंच त्या म्हणाल्या. धाकट्या मालकांनी त्याला अत्यंत आदरानं महिन्याची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोतं घेऊन दुकानात आला. त्यानं तो पंप खोलून, नवी सीलं घालून दुरुस्त केला होता. एका हातानं.

"सगळं तयार आहे," तो म्हणाला. "फक्त डबल पुली दे. बसवतो आणि बाईंना एकदा वळसा घालून दाखवतो. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत."

पुली टेबलाखाली पोत्यात होती, त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर.

"तुम्हीच म्हणालात ना भंगारात टाक," मी म्हणालो. "टाकली."

चार गाड्यांचं काम जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. तो वॉशर आठवला.

"हो, मीच म्हणालो," तो म्हणाला.

पुढचे तीन आठवडे तो भंगारवाल्यांचे ढीग उपसत होता. दोनदा पुल्या घेऊन आला, दोन्हींची रेष जुळत नव्हती. थोडी इकडेतिकडे चालवून घेऊ, असं मी सुचवलं, तर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी शिवी दिली. टर्नरकडून नवी कातून घ्यायची तर नमुना हवा, आणि नमुना माझ्या टेबलाखाली. भाचीला फोन केला, ती "या ना मामा" म्हणाली आणि मग तिनं दोनदा विचारलं, किती दिवसांसाठी.

जायच्या दिवशी तो सामानाची पेटी बांधायला दोरी मागायला आला. मी एका गाडीखाली आडवा होतो. "टेबलाखाली आहे, घ्या काका," मी बोलून गेलो.

मग आठवलं, पुलीही तिथेच आहे. मी सरपटत बाहेर आलो. तो उकिडवा बसला होता, गुडघ्यांमध्ये पुली धरून, रुमालानं खाचा पुसत होता. आधी आतली, मग बाहेरची.

"भंगारवाल्यानं परत आणून दिली वाटतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "कालच."

त्यानं मान हलवली. पुली होती तिथे ठेवली, वर पोतं नीट घातलं. "तेलाचा हात देऊन ठेव. गंजेल." मग दोरी घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला. पेटी आवळून गाठ मारायला दोन हात लागतात, म्हणून मलाच त्याच्याबरोबर वर खोलीत जावं लागलं.