करंट गेला की बाबांचा फोन

आदिलाबादच्या बसस्टँडवर हैदराबादची गाडी सुटायच्या बेतात होती आणि बाबा खिडकीखाली उभे राहून अख्ख्या गाडीला ऐकवत होते, "पोरगं जर्मनीले चाललं. करंटाचं शिकाले!" कंडक्टर आमच्याच उटनूरकडचा, मला न्याहाळून म्हणाला, "भाई, पहले उटनूर का करंट ठीक करके जाओ ना." गाडी हसली. मीही हसलो. खरं तर तिथेच उतरायला हवं होतं.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निसटलेल्यांनो, मी इथे विद्यापीठात स्मार्ट ग्रिड शिकवतो. वारा पडला, ऊन गेलं, तरी कुणाच्या घरातला दिवा जाऊ नये म्हणून वीज कुठून कुठे वळवायची, त्याची गणितं. आधी पीएचडी, मग पोस्टडॉक, मग आणखी एक पोस्टडॉक. सगळं करारावर. ग्रिडच्या स्थैर्यावर भाषणं ठोकणाऱ्या माणसाची खुर्चीच डुगडुगते, हे मी परिषदांमध्ये सांगत नाही.

गावात मात्र मी लाइनमनच, तोही बोलावून न येणारा. आई होती तोवर फोन तिच्या हातात असायचा. ती गेल्यावर बाबांना बोलायला कारण लागायचं, आणि कारण एकच. तिकडे संध्याकाळी करंट जायचा, इकडे माझं दुपारचं लेक्चर ऐन रंगात.

"करंट गेला ना बे."

"बाबा, मी इथून काय करू?"

"मंग इतके साल काय शिकून राह्यला तू?"

मग ट्रान्सफॉर्मर, लाइनमनची सासुरवाडी, कापसात घुसलेली रानडुकरं, माझं जेवणखाण. दिवा लागला की "आला!" म्हणून वाक्य अर्ध्यात टाकून फोन बंद.

मग पक्क्या प्राध्यापकीची मुलाखत आली. शहाण्याने, म्हणजे मी, मोबाइल लॅपटॉपला जोडून ठेवलेला. पडद्यावर 'वीज कधीच न जाणारं गाव' ही माझी लाडकी स्लाइड, आणि तिच्यावर बाबांचा फोटो झळकला. फोन कट करायला गेलो तर उचलला गेला. साऱ्या समितीने स्पीकरवर ऐकलं, "करंट गेला ना बे!" नोकरीही गेली.

चिडून पुढच्या सुट्टीत सगळं ज्ञान घरावरच ओतलं. छतावर सोलर, कोपऱ्यात बॅटरी, माझ्या मोबाइलवर ॲप. घरात वीज असली की ॲपमध्ये हिरवा ठिपका.

"म्हंजे आता करंट जानारच नाई?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"कदीच?"

"कधीच नाही, बाबा."

ते फिरत्या पंख्याकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

त्यानंतर त्यांचे फोन येणंच बंद. मी केला तर, "बरं हाय. सारं बरं हाय. ठेवू?" माझ्या साऱ्या कारकिर्दीत धड चाललेला हा एकच प्रोजेक्ट, आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो. लेक्चर निर्विघ्न चालायचं आणि मी मधूनच खिशातला ठिपका बघायचो. हिरवा. घर म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

परवा भर वर्गात खिसा थरथरला.

"करंट गेला ना बे."

ॲप उघडलं. ठिपका हिरवागार, बॅटरी भरलेली. बाबांच्या आवाजामागे तर छताच्या पंख्याची घरघर चालू होती. मी पोरांना सुट्टी दिली आणि बाकावर टेकलो.

"कधी गेला, बाबा?"

"हे आत्ताच."

"बरं. मग येईस्तोवर बोला."