पोकळ्याच्या वाफ्यातली राख

मेहरूणच्या आमच्या घरामागे सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, पोकळ्याचा आणि मेथीचा वाफा होता. भाजीवर मावा पडू नये म्हणून चुलीतली राख टाकायची, ही त्यांची धुळ्याकडच्या गावची रीत. नव्वदच्या सुमारास आम्ही गॅस घेतला आणि राख संपली. मग आबा शेजारच्या, जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्यातून पाट्या भरभरून राख आणू लागले. फुकट! बाई गं, काय ती ऐट! रोज नातीला ती भाजी स्वतःच्या हातानं भरवायचे.

सहा वर्षांची माझी पोर वाळत चालली. पोटात कळा, भूक नाही, चेहरा पांढराफटक. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मी देवासकट सगळ्यांवर चिडत होते. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांना तिच्या हिरड्यांवर निळसर रेघ दिसली. "घरात कोणी बॅटऱ्या फोडतं का?" मी नाही म्हणाले आणि लगेच जीभ चावली. राख! डॉक्टर म्हणाले, शिसं मातीतून भाजीत उतरतं, पाल्याला चिकटतं, धुतलं तरी पुरतं जात नाही. लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोचतं. त्यांनी रक्त तपासायला मुंबईला पाठवलं, पण भाजी आजच्या आज बंद करायला सांगितलं.

घरी येऊन सांगितलं तर आबा भडकले. "राख जहर कशी व्हई? मना बापबी राखच टाके!"

"त्यांची राख लाकडाची होती, आबा. ही शिशाची आहे."

सासऱ्यांना उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती. गेली उडत रीत! पदर खोचला आणि सगळा वाफा मुळासकट उपटला. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नवऱ्यानं पेपरात तोंड घातलं.

रक्ताचा कागद आला. शिसंच निघालं. आबांनी तो दोनदा वाचून घेतला आणि जेवणावरून उठले. "मना हातनं खावाडं मी तिले," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून गल्लीत दारोदार फिरून, आपलं पाहून ती राख नेणाऱ्या प्रत्येकावर ओरडून आले. आठवडाभरात एकाही वाफ्यात ती राख पडेना.

पोरीचं औषध चालूच होतं. दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि तिनं ताट वाजवलं. "आई, अजून एक! लवकर!"

कितीतरी महिन्यांत तिनं काही मागितलं नव्हतं. पिठाच्या हातानंच मी दारात धावले आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "आबा, मागतेय हो, भाकर मागतेय!"