आत्याचं कपाट

आमची आत्या शिवणकाम करते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. कपड्यांच्या कपाटाची दारं काढून तिने त्यात लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर बसवलाय. त्यातली ग्राफिक्स कार्डं औषधं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची गणितं घरबसल्या सोडवतात, तीही फुकट. "त्यापेक्षा गेम तरी खेळ," असं माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिला टोचत असतात.

मागे तिने कार्डांचा वेग जरा जास्तच ताणला. गणितं झपाझप सुटली, पण त्या घाईत कार्डं चुकली आणि गणितं सगळीच्या सगळी नापास झाली. ते शास्त्रज्ञ प्रत्येक गणित दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरलाही देतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच बरोबर धरतात. बाबांना आयतंच कोलीत मिळालं.

"घ्या! तुझं मशीन चक्क खोटं बोलतं. बंद कर ते खूळ."

आत्याने दाताने दोरा तोडला, कीबोर्ड पुढे ओढला आणि आज्ञा टाइप करून वेग थोडा उतरवला. पुढचं उत्तर जुळलं.

"खोटं बोललं, पकडलं गेलं, सुधारलं," ती म्हणाली. "या घरात आजवर तुझाच शब्द शेवटचा, दादा. तो कधी कुणाला तपासू दिलास?"