एकेचाळिसावा प्रश्न

दुर्गे सरांवर मी अकरा वर्षं चिडत आले. आता आम्ही दोघंही रिटायर झालो आहोत आणि त्यांच्यावर चिडायचा हक्क मला उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

गडचिरोलीहून एसटीनं दीड तास आत गेलं की आमची शाळा लागायची. मी तिथे मुख्याध्यापिका, संघपाल दुर्गे तिथले ग्रंथपाल. माझे वडील माजरीच्या कोळसा खाणीत होते, त्यामुळे घरात सगळ्यांचा आवाज मोठा आणि धीर कमी. सरांचं उलट. ते एखादी गोष्ट सांगायला लागले की त्यांचं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत माझा चहा संपलेला असायचा. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. ग्रंथालय म्हणजे एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि खिडकीशी एक लांब टेबल.

त्या टेबलावर दोरीनं बांधलेली एक वही असायची. सर तिला प्रश्नवही म्हणत. कोणत्याही पोरानं यावं, प्रश्न लिहावा, वाटलं तर नाव लिहावं. सर प्रश्नाला फक्त क्रमांक द्यायचे. उत्तर सापडलं की निळ्या पेनानं पुस्तकाचं नाव आणि पान. नाही सापडलं तर वर्ष संपताना तो प्रश्न लाल पेनानं नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायचे. दर महिन्याला वही माझ्या टेबलावर यायची. मी "पाहिले" लिहून सही करायची. वाचायची नाही. मुख्याध्यापकाला सह्या करायच्या असतात, वाचायला वेळ कुणाला असतो!

आमच्याकडे पुस्तकं निवडायची सर्वमान्य पद्धत अशी की विक्रेता छापील यादी घेऊन येतो, आपण चहा पाजतो आणि यादीवर खुणा करतो. सरांना हे मान्य नव्हतं. ते ही वही पिशवीत घालून चंद्रपूरच्या पुस्तक प्रदर्शनाला जायचे. एकदा मीही सोबत गेले आणि पस्तावले. या गृहस्थांनी एक जाडजूड कोश उचलला, स्टॉलच्या मागे खाली बसकण मारली आणि वहीतला एकेक प्रश्न त्या कोशात शोधायला घेतला. मोहाची फुलं रातीच काऊन गळतात? वाळवीले डोळे असतात काय? धानावर तुडतुडा पडला तर पान जळल्यासारखं काऊन दिसते? अर्धा तास झाला, एक तास झाला. शेवटी विक्रेता म्हणाला, "साहेब, पुस्तक घ्यायचं आहे की परीक्षा द्यायची आहे?"

"पुस्तकाची परीक्षा घेऊन राह्यलो," सर शांतपणे म्हणाले आणि पुढचा प्रश्न काढला. ज्या पुस्तकाला मागे सूची नाही ते तर ते उघडायचेसुद्धा नाहीत. "जे पुस्तक इचारल्यावर बोलत नाई, ते मुकं, मॅडम. कपाटात ठेवून काय करू त्याले?"

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. पोरांना ते तोंडानं उत्तर देत नसत. येत असलं तरी नाही. पुस्तक काढायचे, पान उघडायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच." एकदा मी वैतागून विचारलं की सर, दोन शब्दांचं उत्तर, सांगून मोकळं व्हायला काय होतं? तेव्हा त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"माह्या बापाले वाचता येत नोहतं," ते म्हणाले. "कागदात काय लिहून हाये ते दुसऱ्यानं सांगायचं, आन् बापानं अंगठा लावायचा. वाचणारा म्हणेल ते खरं. मीबी पोरायले नुसतं सांगत राह्यलो तर फरक काय राह्यला? म्हणून मी सांगत नाई, दाखवतो."

मला त्या दिवशी त्यांचा अभिमानच वाटला. आजही तो नियम चुकीचा होता असं मला म्हणवत नाही, आणि दुखणं तिथेच आहे.

२०१६ साली शाळेत रक्त तपासायला पथक आलं. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार, आहे, हे काही नवं नाही. पुढे कार्डं वाटली गेली, कुणाला काही नाही, कुणी वाहक, कुणी आजारी. पथकातल्या बाईंनी मैदानावर सगळं नीट समजावलंही, पण आमच्या शाळेचा माईक खरखरत होता आणि मागच्या रांगेत नववीच्या मुली बसल्या होत्या. त्यातली एक रोशनी नैताम. अंगानं लहानशी, वर्गात कधी हात वर न करणारी. त्याच आठवड्यात तिनं वहीत प्रश्न लिहिला. क्रमांक एकेचाळीस. "माह्या कार्डावर वाहक लिहून हाये. माह्या मामाच्या पोराच्या कार्डावरबी वाहक लिहून हाये. आमच्या दोघायचं लगन झालं तर लेकराले काय होते?"

मामाच्या घरी द्यायची रीत त्यांच्याकडे आहे. मुलगी चालायला लागली की माणसं हसत हसत बोलून ठेवतात. म्हणजे पोरगी परीक्षेसाठी विचारत नव्हती. तिला आयुष्याचं विचारायचं होतं आणि घरात विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनं वहीला विचारलं.

सरांनी चारही कपाटं पालथी घातली. होत्या त्या आरोग्याच्या पुस्तकांत "पौष्टिक आहार घ्यावा, हात धुवावेत" यापलीकडे काही नव्हतं. उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक होतं, ही गोष्ट मला फार पुढे कळली. तेव्हा त्यांनी रोशनीला एवढंच सांगितलं की पुस्तक मागवतो.

आणि नेमकं पुढच्या वर्षी ग्रंथालयासाठी खरंच भरघोस निधी आला. सरांनी तीन महिने खपून यादी केली. दोन कोश, झाडांचं चित्रमय पुस्तक, नकाशासंग्रह, मराठीतला एक मोठा सचित्र आरोग्यकोश. आणि नेट नसलं तरी चालणारी एक छोटी डबी. तिच्यातच सगळा ज्ञानकोश भरलेला, शाळेच्या टॅबवर उघडायचा. त्या डबीसाठी त्यांनी कुठे कुठे पत्रं लिहिली होती ते त्यांनाच ठाऊक. यादीत प्रत्येक नावापुढे प्रश्नांचे क्रमांक. आरोग्यकोशापुढे बारा क्रमांक होते, त्यात एकेचाळीस होता.

निवड समितीची बैठक माझ्या खोलीत झाली. समितीचे अध्यक्ष बापूराव, गावातलं वजनदार माणूस. त्यांनी आरोग्यकोशाचं माहितीपत्रक उघडलं तर नेमकी शरीराची आकृती समोर आली. "बाई, पोरापोरीयच्या हाती असं पुस्तक देता काय?" मला वाद नको होता. मी लाल पेन घेतलं आणि कोश कापला. डबीही कापली, कारण ती दिसायला अगदीच फालतू होती आणि उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. त्याऐवजी भिंतीवरचा मोठा डिजिटल फलक आणि एका ॲपची वर्षभराची वर्गणी घेतली. उरलेल्या निधीत स्पर्धा परीक्षांचे संच, एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती.

सर भांडले असते तर मी कदाचित ऐकलं असतं. कदाचित. ते फक्त म्हणाले, "ठीक हाये मॅडम, पुढच्या वर्षी." या "पुढच्या वर्षी"ची मला भारी चीड होती. त्या दिवशी मात्र ते ऐकून मला बरं वाटलं.

फलकाचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. नेट फक्त पटांगणातल्या मोहाच्या झाडाखाली यायचं आणि फलक काही झाडाखाली नेता येत नव्हता. पोरं टॅब घेऊन झाडाखाली उभी राहायची, ॲप गोल गोल फिरायचं, घंटा व्हायची. वर्षभरानं वर्गणी संपली तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रोशनी दहावीच्या वर्षात दोनदा ग्रंथालयात आली. "सर, माह्या प्रश्नाचं?"

"पुस्तक येऊन राह्यलं," सर म्हणाले. दोन्ही वेळा.

दहावी झाली, ती शाळेतून गेली. आरोग्यकोश आला तो त्यानंतरच्या वर्षी. बापूरावांची मुदत संपली होती आणि मी मुकाट्यानं सही केली होती. सरांनी पार्सल फोडल्या फोडल्या सूची काढली, पान गाठलं, कागदाची पट्टी घातली. मग त्यांनी पहिल्या पानावर शिक्का मारला, जो ते प्रत्येक कोशावर मारत: संदर्भ ग्रंथ, बाहेर देऊ नये.

रोशनीचं गाव शाळेपासून सहा किलोमीटर. पुस्तक सायकलला लावून नेता आलं असतं. पण शिक्का मारलेलं पुस्तक सरांनी कधी माझ्या घरीसुद्धा येऊ दिलं नव्हतं. त्यांनी तिच्या चुलत बहिणीजवळ निरोप धाडला: रोशनीले सांग, पुस्तक आलं, येऊन पाहून जा. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रोशनी आली नाही. सरांनी दोन महिने पट्टी तशीच ठेवली, मग शाळा तपासणी आली, मग परीक्षा आल्या. पट्टी पुस्तकात राहिली.

मी २०२१ साली निवृत्त होऊन चंद्रपुरात आले. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दारावर टकटक झाली, पाहते तर दुर्गे सर. घामानं निथळलेले, हातात तीच कापडी पिशवी. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग पिशवीतून २०१६ ची प्रश्नवही काढली, एकेचाळिसावा प्रश्न उघडला आणि नेहमीसारखं बोट ठेवलं. "वाचा," म्हणाले.

मी वाचला. पहिल्यांदा. खाली माझ्याच अक्षरात "पाहिले" होतं आणि माझी सही.

मग त्यांनी सांगितलं. डोळे तपासायला ते गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले होते. व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर तीनेक वर्षांचं लेकरू. लेकराचे हात सुजलेले, ते रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. बाईनंच हाक मारली. "सर, ओळखलं काय? मी रोशनी. एकेचाळीस नंबर."

तिला नंबर पाठ होता.

सरांनी निरोपाचं विचारलं. "भेटला होता निरोप," ती म्हणाली. "पण रोवणं चालू होतं. मले वाटलं, येईन कधीतरी. पुस्तकच तं हाये, कुठी जाते!" त्याच साली थंडीत मामाच्या घरी तिचं लग्न लागलं होतं.

मग तिनं खाली पाहत विचारलं, "आता दुसरं हाये पोटात. तीन महिने होऊन राह्यले. त्यालेबी होईन काय सर?"

आणि दुर्गे सरांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा पुस्तकाशिवाय उत्तर दिलं. दोघंही वाहक असले की दर खेपेला चारात एक अशी भीती असते. पहिल्याला झालं म्हणून दुसरं सुटेल असं नाही आणि त्यालाही होईलच असंही नाही. पोटात असतानाच तपासता येतं, पण उशीर करून चालत नाही, आजच डॉक्टरांना सांग. ते स्वतः तिच्याबरोबर खिडकीपर्यंत गेले, चिठ्ठी काढून दिली. दोन मिनिटं लागली असतील, म्हणाले. सगळं मिळून दोन मिनिटं.

परत बाकावर आल्यावर तिनं विचारलं, "सर, हे तुमाले तवाच माहीत होतं काय?"

"होतं, म्हणलं मी," सर म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी आयुष्यभर पोरांना हसत हसत शिकवलं. त्या दुपारी मला ती म्हण आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. मी म्हटलं, "सर, पुस्तक तर मी कापलं. दोष माझा आहे."

"तुमी पुस्तक कापलं, मॅडम," ते म्हणाले. "उत्तर तं माह्याजवळच होतं."

मला त्यांना समजावायचं होतं. वडिलांचा अंगठा, तो नियम, तुम्ही वाईट हेतूनं थोडंच केलं, असं काहीतरी. पण मी एवढंच विचारलं, "मग रोशनी काय म्हणाली?"

"काई नाई," सर म्हणाले. "लेकराले पाणी पाजत राह्यली."