दुर्बीण आणि मोहाची फुलं

वही मुलीची आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, चौथीनंतर शाळाच सुटली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

उन्हाळा लागला की चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आत सरकतं, काठाचा चिखल उघडा पडतो आणि पाखरं तिथे गोळा होतात. मागच्या वर्षी शहरातून आलेल्या एका बाईंनी मला त्यांच्या दुर्बिणीतून बघू दिलं. चिखलात एक मोठं पाखरू उभं होतं. चोच मिटली तरी तिच्या मधोमध फट राहायची. इतकी वर्षं मी त्याला बगळाच समजत होते. त्या बाईंना 'छान आहे' एवढंसुद्धा म्हणायला मला जमलं नाही, पण ती फट काही डोळ्यांपुढून जाईना.

यंदा होळीच्या आधी मोठ्या जाऊबाईंकडून दोन हजार रुपये घेतले आणि गोंदियाहून जुनी दुर्बीण आणली. कारण खरं तेच सांगितलं.

"खताले नाही, दवाखान्याले नाही, पाखरं पाहाले पैसे?" त्या हसल्या, पण पैसे दिले. अट एकच होती. मोहफुलं विकून अक्षय तृतीयेपर्यंत सगळे फेडायचे, नाही तर दुर्बीण त्यांची.

आमचं मोहाचं झाड तलावाच्या वाटेवर, जाऊबाईंच्या झाडाला लागूनच आहे. फुलं पहाटे गळतात आणि उजाडताच वेचावी लागतात, नाही तर गाई खातात. पाखरं बघायची वेळही तीच. मी ठरवायचे, आधी तलावाला छोटी चक्कर, मग फुलं. चक्कर काही छोटी राहायची नाही. परत यावं तर झाडाखाली गाई तोंड हलवत उभ्या. टोपलीचा तळसुद्धा झाकला जायचा नाही.

"आता आपल्या गाईचं दूध पेऊन मी झिंगतो," आमचे मालक, म्हणजे मुलीचे बाबा, म्हणायचे.

मला हसू यायचं, पण असंच चाललं तर दुर्बीण जाणार होती.

आठ दिवसांनी जाऊबाई पहाटेच दारात आल्या. "चाल, मी येतो संग. तुही फुलं कायले कमी पडून राह्यली, पाहातोच."

तलावावर त्यांनी दुर्बीण मागितली, एका मिनिटासाठी. समोर ते फटवाल्या चोचीचं पाखरू शिंपला फोडत होतं.

"अवो बाई, याचे त दात पडले वाटते!"

मग एक टिबुकली, बदकाहून लहान पाणपाखरू, पाण्यात बुडाली. "बुडाली वो! गेली बिचारी!" आणि थोड्या वेळाने, "अवो, तिकडं निघाली!"

परतलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. गाईंनी दोन्ही झाडांखाली एक फूल ठेवलं नव्हतं. जाऊबाई पाहतच राहिल्या. मग हसत हसत खालीच बसल्या. "माहं बी झाड खाल्लं वो यायनं!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळी लावली. एकीने दोन्ही झाडांची फुलं वेचायची, दुसरीने तलावावर जायचं. त्यांच्या पाळीला त्या घरी येऊन हातवारे करत सांगायच्या, "काळं होतं, लांब मानेचं, पंख पसरून कपडे वाळवल्यावानी उभं होतं." मग मी सांगायचे, तो पाणकावळा. सासरी आल्यापासून मी एवढी कधी बोलले नव्हते.

छपरावर फुलं वाळत गेली तशी आठवडी बाजारात विकत गेले आणि थोडे थोडे पैसे देत गेले. शेवटचे तीनशे अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी जाऊबाईंच्या हातावर ठेवले. त्यांचं तोंड जरासं उतरलं.

"येवढी घाई कायले केली वो?"

त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. पैसे पूर्ण फिटले होते.